एका रात्रीत मेलेल्या पेशी

१

"माझा खून झालाय," भाऊजी म्हणाले. "मी अजून मेलो नाही, एवढाच काय तो फरक."

ते काचेच्या आत, मी काचेच्या बाहेर, मध्ये इंटरकॉम. त्यांच्या खोलीत डॉक्टर आणि नर्सशिवाय कुणाला शिरायची परवानगी नव्हती, कारण साध्या सर्दीनेही ते गेले असते. सकाळीच डॉक्टर सांगून गेले होते की रक्ताचा कर्करोग परत आलाय. दुसरा कुणी असता तर रडला असता, नशिबाला बोल लावला असता. भाऊजींनी गुन्हेगार शोधायला घेतला.

हे माझ्या बहिणीचे यजमान. निवृत्त पोलीस अधिकारी. खात्यात त्यांना 'पक्कड' म्हणायचे आणि ते नाव त्यांना आवडायचं, यावरून काय ते समजा. माझं चष्म्यांचं दुकान आहे. बहीण जाऊन बरीच वर्षं झाली, पण तिच्या मुलीसाठी, माझ्या भाचीसाठी, मी त्या घरात जात-येत राहिलो. भाऊजींवर माझा जीव कधीच नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

"आजार परत येतो, भाऊजी. काहींचा येतोच, असं डॉक्टर म्हणाले ना?"

"डॉक्टर काय म्हणाले ते मी ऐकलं. मी विचारतोय, तो कुणी आणला."

गोष्ट अशी होती. दुसऱ्याच्या हाडातली मज्जा शरीरात घालण्याआधी रोग्याची स्वतःची बिघडलेली मज्जा किरणांनी मारावी लागते. त्याचे दोन प्रकार. जड डोस घेतला तर तोंडापासून आतड्यापर्यंत सगळं सोलवटून निघतं आणि भाऊजींच्या वयाची माणसं त्यातून उठतीलच असं नसतं. हलका डोस सोसतो, पण रोगाच्या पेशी लेच्यापेच्या असतील तरच उपयोगाचा. म्हणून या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रोग्याच्या पेशी काढून बाटलीत ठेवतात, बाटलीला हलका डोस देतात आणि त्या मरतात का ते बघतात.

भाऊजींच्या एका रात्रीत मेल्या. सगळ्याच्या सगळ्या. मी स्वतः पाहिलं होतं. भिंगांचा धंदा आहे म्हटल्यावर लॅबमधल्या तंत्रज्ञाने कौतुकाने मला मायक्रोस्कोपला डोळा लावू दिला होता. आत नुसता चुरा होता, बारीक वाळू सांडल्यासारखा. आनंदाच्या भरात मी त्या माणसाला मिठी मारली.

मग हलका डोस झाला. भाचीने स्वतःच्या कमरेच्या हाडातून मज्जा दिली. भाऊजी घरी आले, दोन वेळा जेवू लागले, शेजाऱ्यांवर खेकसू लागले. आणि आता हे.

"माझ्या पेशी त्या डोसला बाटलीत मेल्या, पण त्याच डोसला अंगात मेल्या नाहीत," भाऊजी म्हणाले. "आयुष्यभर मी जबाब घेतलेत. दोन जबाब जुळत नसले की एक खोटा असतो. माझं अंग कशाला खोटं बोलेल? म्हणजे बाटली खोटं बोलली."

"आता काय उपयोग त्याचा?"

"डॉक्टर म्हणतात, अजून एकदा करून बघता येईल. जड डोस, आणि परत पोरीची मज्जा. पण मला ज्याने एकदा मारलं त्याच्याच हाती मी परत मान द्यायची का? त्या बाटलीला तिघांचेच हात लागू शकत होते. लॅबची प्रमुख बाई, तो तंत्रज्ञ, आणि तिथेच काम करणारी माझी मुलगी. तिघांना एकेक करून इथे आण."

मी खुर्चीवरून उठलोच. "पोरीला? तिने हाड टोचून घेतलं तुमच्यासाठी!"

"म्हणून तर तिला शेवटी आण," ते म्हणाले आणि बटण सोडलं.

२

प्रमुख बाईंना आणायला मी लॅबमध्ये गेलो. उबदार कपाटांची अखंड घरघर, आत गुलाबी पाण्याच्या चपट्या बाटल्या. कोपऱ्यात किरणांचं यंत्र, शिशाने मढवलेलं, तिजोरीसारखं बोजड. या लोकांची एक पद्धत मला भारी गमतीची वाटली. प्रत्येक परीक्षेला दोन बाटल्या घेतात, एक किरणांनी भाजायची, एक न भाजायची. पण न भाजायची बाटलीसुद्धा यंत्रापर्यंत फिरवून आणतात, म्हणजे दोघींचा प्रवास सारखा. त्यानंतर फरक दिसला तर तो किरणांचाच.

दारावर पाटी होती: नात्यातल्या रोग्याच्या बाटलीला हात लावू नये.

बाई काचेपुढे बसल्या त्या व्याख्यान द्यायला आल्यासारख्या. चष्म्याची दांडी वाकडी होती, माझे हात शिवशिवत होते.

"रक्ताचा कर्करोग हा एक आजार नाही हो," त्या म्हणाल्या. "लिम्फॉइड पेशींचा वेगळा, मायलॉइड पेशींचा वेगळा. किरणांपुढे तर दोघींचे स्वभावच निराळे. लिम्फॉइड भित्र्या. जरा किरण लागला की स्वतःच स्वतःला संपवतात. रातोरात चुरा."

"आणि दुसऱ्या?"

"मायलॉइड चिवट. तोच डोस द्या, दुसऱ्या दिवशी काही झालंच नाही असं वाटतं. मग फुगायला लागतात. एकीच्या दोन व्हायला जातात, ते जमत नाही. दोन-दोन, तीन-तीन केंद्रकं पोटात घेऊन कुंथत बसतात. मेल्याच तर आठवड्याने मरतात. कितीतरी मरतही नाहीत."

"माझ्या कुठल्या?"

"मायलॉइड."

"मग एका रात्रीत कशा मेल्या?"

बाईंनी चष्मा वर सरकवला. "अपवाद असतात. माझं तेच तर म्हणणं आहे की काही मायलॉइड रोग्यांना हलका डोस पुरतो. तुमची केस मी परिषदेत मांडली. टाळ्या पडल्या."

"टाळ्या पडल्या," भाऊजी म्हणाले. "मायक्रोस्कोपमध्ये तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"मोजणी यंत्राने होते. मी आकडे बघते. बाटल्यांत डोकवायला माणसं नेमलीत."

बाईंना थोबाडीत बसल्यासारखं झालं होतं, पण भाऊजी कुणाला सावरू देणाऱ्यातले नव्हते. "एक सांगा. चुकून दुसऱ्या पेशी मिसळल्या असतील का?"

"होतं कधी कधी," बाईंनी ती फांदी घट्ट धरली. "पेशींचं खाणं एकाच मोठ्या बाटलीतून काढतात. एका जातीच्या पेशींना टेकलेली नळी कुणी परत त्यात बुडवली की एखादा थेंब दुसरीकडे जातो. जी जात भराभर वाढते ती सावकाश वाढणारीला गिळून टाकते. सगळ्या जगातल्या लॅबचं दुखणं आहे ते."

"गिळायला किती वेळ लागतो?"

"महिने... निदान कित्येक आठवडे."

"माझ्या बाटलीला तेवढा वेळ मिळाला होता?"

"नाही. जेमतेम काही दिवस."

"म्हणजे थेंब पडला असता तर थोड्या मेल्या असत्या आणि माझ्या चिवट पेशी शिल्लक दिसल्या असत्या. शिल्लक किती होत्या?"

"शून्य," बाई पुटपुटल्या.

भाऊजी हसले. ते हसणं मी ओळखून होतो. बहिणीच्या संसारात ते फार वेळा ऐकलं होतं.

"थेंब नाही पडला, बाई. दोन्ही बाटल्याच बदलल्यात. माझं नाव घालून दुसऱ्याच कुणाच्या पेशी ठेवल्या. ज्या हमखास मरतील अशा."

३

तंत्रज्ञ आला तो खुर्ची उलटी करून तिच्यावर आरामात रेलला. जिभेला हाड नसलेला माणूस.

"कशा मेल्या म्हणजे? मेल्या तशा मेल्या. चुरा झाला होता. यांनीपण पाहिलं की," त्याने माझ्याकडे हनुवटी उडवली. "मिठी काय मारली, बापरे."

"मायलॉइड पेशींचा रातोरात चुरा होत नाही, माहीत नव्हतं तुला?"

"साहेब, मी बाटल्या भरतो, भाजतो, रिकाम्या करतो. कोण कशाने मेलं हे शिकलेल्या लोकांनी बघायचं. मला मेलेलं सगळं सारखंच."

"न भाजलेली बाटली कशी होती?"

"ती? तरारलेली! रोग्याकडून नुकत्या आणलेल्या पेशी बाटलीत रुसून बसतात हो, वाढतच नाहीत. या मात्र पाणी गढूळ होईपर्यंत वाढल्या होत्या. मी म्हटलं, पक्कड साहेबांच्या आहेत, मस्ती असणारच."

मला हसू आवरेना. भाऊजींना राग आला नाही.

"मला ओळखतोस तू. आधीपासून."

"माझा भाऊ ओळखतो." तंत्रज्ञाचा आवाज एकदम खाली आला. "लंगडतो तो. तुम्ही त्याला सोडून दिलं होतं, आठवतं का? घरी आला, अंघोळ केली, आईने ताट वाढलं. पहिला घास घेतला आणि तुमची गाडी दारात. परत उचलला. पहिल्या खेपेला त्याच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. दुसऱ्या खेपेला न केलेलंही कबूल केलं."

"सुटलो असं वाटलेला माणूस परत आत आला की मऊ होतो," भाऊजी शांतपणे म्हणाले. एखादी सुताराची खुबी सांगावी तसं. "रोग परत आल्याचं कळलं तेव्हा तुला आनंद झाला?"

"झाला. खोटं कशाला बोलू?"

"बाटली बदललीस?"

"डोक्यात आलं असतं तर बदललीही असती. आलं नाही, याचं वाईट वाटतंय."

तो शीळ घालत निघून गेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. "हाच तो, भाऊजी! कारण आहे, हात पोचतो, वर निर्लज्ज तर इतका..."

"अजून एक जण बाकी आहे," ते म्हणाले. "जा, तिला घेऊन ये."

४

भाची खुर्चीवर एका कुशीने बसली. कमरेचं हाड अजून ठणकत होतं तिचं. वेगवेगळ्या जातींच्या ल्युकेमियाच्या पेशी किरणांना कशा तोंड देतात, हाच तिच्या डॉक्टरेटचा विषय. लहानपणी ती माझ्या दुकानात बसून जुनी भिंगं डोळ्यांना लावायची. मध्ये काही वर्षं बापाशी बोलणं बंद होतं तिचं. लग्नावरून काहीतरी बिनसलं होतं. कुणाशी जमलं होतं ते तिने मला कधी सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. बापाच्या आजाराचं कळल्यावर मात्र आपण होऊन आली. दोन वेळचा डबा, औषधं, धुतलेले कपडे, सगळं तिनेच बघितलं. जन्मभर लाथाडलेली मुलगी बापाचं इतकं करते हे बघून मला भरून यायचं.

"दुखतंय का गं?" भाऊजींनी विचारलं. इतक्या मऊ आवाजात त्यांना बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"थोडंसं, बाबा."

"माझ्या बाटलीला हात लावायची तुला मनाई होती, नाही का?"

"हो. नात्यातल्यांना लावू देत नाहीत."

"पण बघितलीस तरी का? एवढा बाप तुझा बाटलीत बसलेला."

ती हसली. "बघितली. दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर डोकावले. राहवलं नाही."

"कसा मेलो होतो गं मी?"

"सुजल्या होत्या, बाबा. फुगून या एवढाल्या झालेल्या, पोटात दोन-दोन केंद्रकं. मग त्यातच संपल्या. मायलॉइड तशाच मरतात."

"त्रास झाला असेल?"

"पेशींना त्रास होत नाही. माणसांना होतो."

भाऊजींनी मान हलवली. "डॉक्टर जड डोस द्यायचं म्हणतात. त्यानंतर माझी स्वतःची मज्जा औषधालाही उरणार नाही. तेव्हा तू दिली नाहीस तर मी संपलो. देशील परत?"

"देईन."

त्यांनी काचेवर आतून पंजा टेकवला. तिने बाहेरून टेकवला. मी तोंड फिरवून डोळे पुसले.

ती गेल्यावर भाऊजींनी डोळे मिटले. मग त्यांनी बटण दाबलं.

"सापडला. तो तंत्रज्ञ. बाईंना सांग, त्याला आजपासून लॅबमध्ये पाऊल टाकू देऊ नका. पण पोलीस, तक्रार, काही नको. मज्जा अंगात रुजेपर्यंत कुठेही ब्र काढायचा नाही. पोरीपुढे तर मुळीच नाही, उगाच मनाला लावून घेईल."

मी मान डोलावली. तंत्रज्ञाला त्याच दिवशी हाकललं. फाटकापाशी तो मला एवढंच म्हणाला, "सांगा तुमच्या साहेबांना, आधी भावाची, आता माझी. माझ्या आईला दोन्ही मुलांची वाईट बातमी त्यांनीच पोचवली."

५

जड डोस कसा असतो ते मी काचेतून पाहिलं. तोंड आतून सोलून निघालं, थुंकीबरोबर कातडं यायचं. पाण्याचा घोट घेताना तो आडदांड माणूस लहान मुलासारखा कण्हायचा. मला दया आली, हे कबूल करतो. भाचीला परत भूल दिली, परत हाड टोचलं. तिच्या मज्जेची लालभडक पिशवी खांबाला टांगली गेली आणि थेंब थेंब करत बापाच्या नसेत उतरली.

हळूहळू रक्तातले आकडे वर येऊ लागले. एक दिवस डॉक्टर चक्क हसत बाहेर आले. "धरलंय," म्हणाले. "आता त्यांच्या अंगातलं रक्त मुलीचं आहे. शब्दशः."

त्याच दुपारी भाची धुतलेले कपडे घेऊन आली. काचेपाशी भाऊजींच्या जुन्या खात्यातल्या दोघीजणी उभ्या होत्या. साध्या वेशातल्या.

"ये, बाळ," इंटरकॉममधून भाऊजी म्हणाले. "तुझ्या मामाला एक गोष्ट सांगायची राहिली होती. तूही ऐक."

कपड्यांची पिशवी तिच्या हातातच राहिली.

"मामा तुझा भोळा. त्याने तिघांचे जबाब ऐकले आणि ज्याचं तोंड सगळ्यात घाण त्याला धरून बसला. आता नीट बघ. बाईंना खोटंच करायचं असतं तर आकडा बदलला असता, बाटल्या कशाला हलवल्या असत्या? शिवाय मायलॉइड एका रात्रीत मरत नाहीत हे बाईंनीच मला शिकवलं. स्वतःच्या गळ्याचा फास कुणी असा हौसेने विणून देत नाही. तंत्रज्ञाने सांगितलं, चुरा झाला होता. मामानेही चुराच पाहिला होता. न भाजलेली बाटली तरारली होती, हेही त्याने आपणहून सांगितलं. बदलणारा माणूस या दोन्ही गोष्टी मेला तरी बोलला नसता. त्याला कळलंच नव्हतं की आपण सांगतोय ते चुकीचं आहे."

मी भाचीकडे बघितलं नाही.

"आणि तू सांगितलंस, सुजल्या होत्या, दोन-दोन केंद्रकं होती. अगदी पुस्तकात असतं तसं, फक्त आठवड्याचं काम एका रात्रीत उरकलेलं. तिघांत एकटीचा जबाब शास्त्राला धरून होता आणि एकटीचाच खोटा. त्या बाटलीत तसं काही नव्हतंच. आत चुरा होता हे तुला ठाऊक होतं, चुरा म्हटलं तर बाटली बदलल्याचं उघड होईल हेही ठाऊक होतं. म्हणून तू बरोबर उत्तर दिलंस. हुशार मुलीला चूक उत्तर देववत नाही. मायक्रोस्कोपखाली बघायला त्या दिवशीच्या पेशी रंगवून ठेवलेली काच लॅबने जपली होती. मी ती गुपचूप तपासायला पाठवली. तो चुरा माझा नाही. तुझ्या टेबलावरच्या लिम्फॉइड पेशींचा आहे."

"कधी कळलं तुम्हाला?" भाचीने विचारलं. आवाज स्थिर होता.

"तू खुर्चीवरून उठायच्या आधी."

"मज्जा घेण्याच्या आधी," ती म्हणाली.

"अर्थात."

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. नर्स धावत आली. भाऊजी माझ्याकडे बघतही नव्हते. "कारण तेवढं सांग," ते तिला म्हणाले. "मज्जा द्यायचीच नाही म्हणाली असतीस तरी मी मेलो असतो. एवढा खटाटोप कशाला?"

"नुसतं मारायचं नव्हतं." तिने पिशवी खुर्चीवर ठेवली. "तुम्ही त्या चित्रकलेच्या मास्तरांना उचललं होतंत, शाळेतल्या चोरीत. आठवतात? सोडलंत. ते घरी आले, मला फोन केला, म्हणाले, सुटलो गं, उद्या भेटू. फोन चालू असताना तुमची गाडी आली. मला ऐकू येत होतं सगळं. दुसऱ्या खेपेला ते बाहेर आलेच नाहीत."

"तो? त्याच्याशी जमलं होतं तुझं?"

"तुम्ही घरी येऊन म्हणालात, बिनकण्याचा माणूस, पायजम्याच्या नाडीने गळफास लावून घेतला. मी तुम्हाला ताट वाढत होते." ती काचेजवळ सरकली. "मला तुम्हाला बरं करायचं होतं, बाबा. बरं करून घरी आणायचं, दोन वेळा जेवू घालायचं. आणि मग परत."

"मग दुसऱ्यांदा मज्जा का दिलीस? नाही म्हणायचं होतंस," मी विचारलं.

"दुसऱ्या खेपेला मागत होते रे, मामा," ती म्हणाली. "मागताना कसे दिसतात ते मी कधी बघितलं नव्हतं."

दोघीजणी तिला घेऊन गेल्या. भाऊजी म्हणाले, "कपडे आत पाठव."

६

तंत्रज्ञाला परत कामावर घेतलं नाही. बाईंनी परिषदेला काही कळवल्याचंही ऐकिवात नाही. भाचीने सगळं कबूल केलं, वकील नको म्हणाली. मी तिच्यासाठी दारोदार फिरलो आणि भाऊजींचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं.

मग डॉक्टरांचा फोन आला. रुजलेली मज्जा सुटू लागली होती. आकडे रोज खाली. भाचीच्या मज्जेची आणखी एक पिशवी मिळाली तर निभावेल. दुसरा कुणी जुळणारा नाही. तिची सही हवी, आणि ती तिने राजीखुशीने करायला हवी.

मी गेलो. नाही कशाला म्हणू? शेवटी माणूस मरत होता. काचेआड भाऊजी ओळखू येत नव्हते, कातडं पिवळं, ओठांवर खपल्या. पण बटण त्यांनी स्वतःच दाबलं.

"तिला सांग, सही कर आणि पिशवी दे. तिच्या खटल्याचं मग बघू."

कोठडीत जाळीपलीकडे भाची बसली होती. वाळली होती, पण डोळे स्वच्छ होते. मी डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. तिने एकेक आकडा विचारून घेतला आणि मान हलवत राहिली.

"बाबांनी मागितलंय, की सांगितलंय?"

मला खोटं बोलता आलं असतं. अजूनही वाटतं, एक शब्द बदलला असता तर तिने सही केली असती. पण त्या पोरीशी आणखी एका माणसाने खोटं बोलावं, हे माझ्याच्याने होईना. मी भाऊजींचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

"नाही, मामा."

"मरतील गं ते."

"कळतंय मला. माझा विषयच आहे तो." तिने जाळीतून माझी दोन बोटं धरली. "तू जेवलास का?"

बाहेर आलो आणि रस्त्यातच रडलो. कुणासाठी म्हणाल तर तिच्यासाठी. त्या माणसासाठी माझ्यात एक टिपूस शिल्लक नव्हतं. तिच्या अंगातलं काढून घेतलं, ते मुरेपर्यंत बाळ म्हणाला, आणि मुरल्याबरोबर तिला बेड्या घातल्या. असा राग मला जन्मात आला नव्हता. हॉस्पिटलपर्यंत चालत गेलो तरी तो कमी झाला नाही.

भाऊजी दाराकडेच डोळे लावून होते. मला बघून उठून बसायचा प्रयत्न केला.

"काय म्हणाली?"

मी इंटरकॉमचं बटण दाबलं. डॉक्टरांना मी खरं काय ते आधीच सांगितलं होतं आणि रोग्याला मीच सावकाश सांगतो असंही म्हटलं होतं.

"देते म्हणाली."

त्यांचे खांदे खाली आले. डोळ्यांत पाणी आलं, खरंखुरं. पक्कड साहेबांच्या. "मला माहीत होतं," ते म्हणाले. "कधी?"

"उद्या सकाळी. आकडे बघितले तिने, घाबरू नका म्हणाली. महिन्याभरात घरी याल."

"तू येशील ना पिशवी लावताना?"

"येणार तर."

मी त्यांना हात केला. ते बराच वेळ हात हलवत राहिले, मी जिना उतरेपर्यंत. दुसऱ्या दिवशी मी सकाळी लवकर दुकान उघडलं आणि दिवसभर फोन उचलला नाही.